नत्थूजींच्या फळीवर कोरियाचा सण

सिंदी स्टेशन

कोरियन माणसाशी मी आयुष्यातले पहिले वाक्य बोलले ते सिंदी रेल्वेच्या फलाटावर. वाक्य इंग्रजी होते आणि भुसावळ सोडल्यापासून मी ते मनात घोळवत आले होते. समोरच्या माणसाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, माझ्या खांद्यावरची वळकटी स्वतःकडे घेतली आणि म्हणाला,

"ताई, मराठीत बोला ना. इंग्रजी मले नाई समजत."

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले. रुंद गालफडे, बारीक डोळे, डोक्याला गुंडाळलेला पंचा, खाली खाकी अर्धी विजार. आणि तोंडातून अस्सल वऱ्हाडी.

"वसंता दवाखान्यात हाय. पोट्ट्यायले देवी टोचून राह्यला. मले म्हणे, तू जाय. चाला, बंडी भाईर उभी हाय."

वसंता म्हणजे माझा धाकटा भाऊ. सिंदीहून बैलगाडीच्या वाटेवर हिवरा नावाचे गाव आहे, तिथल्या दवाखान्यात तो कंपाउंडर आहे. त्याआधी तो सैन्यात होता. कोरियातले युद्ध थांबल्यावर तिथल्या युद्धकैद्यांची राखण करायला आपले सैन्य गेले, त्यात हाही औषधांची पेटी घेऊन गेला. त्या कैद्यांत थोडे लोक असे होते, की त्यांना उत्तरेतही परत जायचे नव्हते आणि दक्षिणेतही राहायचे नव्हते. ते आपल्या सैन्याबरोबर बोटीने हिंदुस्थानात आले. मला न्यायला आलेला हा पाक त्यांतलाच एक. दिल्लीत तो हिंदी शिकला, कोंबड्या पाळायला शिकला. पुढे वसंताने हिवऱ्याची नोकरी धरली आणि त्यालाही बोलावून घेतले. आता गावाबाहेर पाकचे कोंबड्यांचे खुराडे आहे आणि दोघे एका खोलीत राहतात.

डिसेंबरात वसंताला विषमज्वर झाला. साताऱ्याला आम्हाला ते कळले तोवर ताप उतरलाही होता. त्या सगळ्या दिवसांत त्याच्या उशाशी बसून पेज भरवली ती या पाकने. म्हणून शाळेत रजा टाकून मी भावाला बघायला निघाले होते, आणि खरे सांगायचे तर या माणसालाही. नोव्हेंबरपासून आमचा सातारा आणि त्यांचा वर्धा जिल्हा एकाच राज्यात आले होते, तेव्हा परमुलखात जाते आहे असेही म्हणायची सोय नव्हती.

वाटेने दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. कापसाने लादलेल्या बंड्या ज्या वाटेने जातात तिथल्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात, आणि लांबून पाहिले तर बाभळीला बहर आला असे वाटते. बैलगाडीला इथे बंडी म्हणतात हे मला अर्ध्या वाटेत कळले. पाकलाही माझ्याबद्दल काही तरी कळायचे होते.

"ताई, एक इचारू? तुमी 'मला' काऊन म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"मले." त्याने सावकाश, लहान मुलाला शिकवावे तसे सांगितले. "वसंताही पयले चुकत होता. आता बरा बोलते."

मी सातारच्या मुलींच्या शाळेत मराठी आणि कवायत शिकवते हे सांगण्याची ही वेळ नव्हती. मी "मले" म्हणून दाखवले. त्याने मान डोलावली.

"तुमचं गाव कुठलं?" मी विचारले.

"उत्तरेकडे. नदीच्या काठी." तो थोडा थांबला. "आता जाता येत नाई." मग बैलाच्या शेपटीला हात लावून म्हणाला, "चाल बे."

अमावस्या

वसंता हडकला होता, पण हसत होता. संध्याकाळी वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी असे जेवण झाले. या दाण्यांना ते सोले म्हणतात. आमच्याकडे तुरीची डाळ होण्यापूर्वी तिला इतका मान मिळत नाही. भाजी इतकी जहाल होती, की मला तिसऱ्या घासाला उचकी लागली. पाकने शांतपणे माझ्यासमोर गुळाचा खडा ठेवला, जणू ही उचकी त्याच्या हिशेबात धरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात बसून बोरीच्या काठ्या तासत होता. वसंता मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, उद्या त्याचं नवं वर्ष. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. आपल्या भिंतीवरच्या पंचांगात अमावस्या बघून तो दिवस काढतो. पण आजवर या दिवशी तो तोंड भिंतीकडे करून झोपून राहायचा. या वर्षी प्रथमच काही करतोय. तान्हाबाईमुळे."

ही तान्हाबाई खोलीच्या मागच्या वस्तीत राहणारी. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, आठवड्याने घरी येणारा. घरात ती आणि तिची मुलगी सुमन. गेल्या दसऱ्याला या वस्तीतली सगळी माणसे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि बौद्ध झाली. घरातले देव गेले, आणि त्यांच्याबरोबर सगळे जुने सणही. आणि मग डिसेंबरात, ज्यांच्या शब्दावर त्यांनी हे केले ते त्यांचे पुढारीच वारले. वस्तीत कितीतरी दिवस कोणी मोठ्याने बोललेदेखील नाही. त्यातच संक्रांत आली. गावात पतंग उडाले, तिळगूळ वाटला. वस्तीतली मुले दारात उभी राहून वर बघत होती. त्या संध्याकाळी तान्हाबाई पाकच्या खुराड्यापाशी आली आणि तिने सरळ विचारले, "पाकभाऊ, तुमी तं जलमाचे बुद्धाचे. तुमच्याकडे सण कसा करत राह्यतेत?"

"मग तो काय म्हणाला?"

"घाबरला," वसंता म्हणाला. "माझ्यापाशी येऊन म्हणतो, आई डोंगरावरच्या देवळात जायची, मी पायथ्याशी खेळत बसायचो. मला पूजा येत नाही. नुसते खेळ येतात."

तर त्यांतलाच एक खेळ त्याने दुपारी तान्हाबाईच्या अंगणात मांडला. त्याला ते युत म्हणतात. बोटभर जाडीच्या काठ्या मधोमध चिरून केलेले चार तुकडे, एक बाजू सपाट, एक गोल. ते चारही एकदम उधळायचे आणि किती सपाट पडले, किती उपडे पडले त्यावरून सोंगटी पुढे न्यायची. जमिनीवर कोळशाने घरे काढलेली. आपल्या सोंगटीवर दुसऱ्याची आली की आपली मेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चिंचोक्यांवर पट खेळलेल्या बायकांना हे शिकवावे लागले नाही. काठ्या हवेत उडाल्या, की सगळ्या जणी आपापल्या हव्या त्या दानाला ओरडून बोलावत होत्या, आणि शेजारच्या अंगणातल्या शेळ्या दोर तोडायला बघत होत्या.

भांडण झाले ते दानांच्या नावांवरून. पाकने सांगितले, "एक घर म्हंजे डुक्कर. दोन म्हंजे कुत्रं. तीन, मेंढी. चार, बैल. पाच, घोडा."

तान्हाबाईने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. ती थोराड बांध्याची, सावळी बाई आहे. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"बैलाले चारच? अन् घोड्याले पाच?"

"हाव."

"काऊन?"

"घोडा जोरात पळते."

"पळून कुठी जाते? वखर कोण वढते? बंडी कोण वढते? तुमच्या घोड्यानं कापूस नेला का सिंदीले?"

"आई, खेळ हाय तो," सुमन म्हणाली.

"खेळ असला म्हून काय झालं? बैलाले पाच पायजे."

पाक अतिशय गंभीर झाला. "तान्हाबाई, हे खूप जुनं हाय. असं बदलता येत नाई."

"आमी दसऱ्याले जे बदललं थे याच्याहून जुनं होतं," तान्हाबाई म्हणाली.

पाक बराच वेळ काठ्यांकडे बघत बसला. मग त्याचे खांदे हलू लागले. मला वाटले रडतो आहे. तो हसत होता. वसंताने मला नंतर सांगितले, की इतक्या वर्षांत त्याने पाकला असे हसताना पाहिले नव्हते. हिवऱ्यात आता बैलाला पाच घरे मिळतात आणि घोडा चारांत भागवतो. कोरियात कोणी हे वाचले तर त्याने कृपा करून रागावू नये.

हे सगळे आनंदात चालले होते. घोटाळा संध्याकाळी झाला. पाकला उद्याच्या मुख्य खेळासाठी लांब, जाड फळी हवी होती. त्यांच्याकडे नवीन वर्षाला बायका फळीवर उड्या मारतात. मुलांच्या शाळेत असते तशी बसून वर-खाली व्हायची फळी नव्हे. दोन टोकांना दोघी उभ्या राहतात आणि एक खाली आली की दुसरी हवेत उडते. अशी फळी गावात एकाच माणसाकडे होती, नत्थूजी शेठकडे. किराण्याचे दुकान, कापसाची खरेदी. बंडीत कापसाची पोती चढवायला त्यांच्याकडे सागाची लांब फळी होती. मी पाकबरोबर गेले.

नत्थूजी वाईट माणूस वाटले नाहीत. सुपारी कातरत त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फळी नेजो. पण कोण चढन तिच्यावर?"

"ज्याले वाटन तो," पाक म्हणाला.

नत्थूजींनी सुपारी तोंडात टाकली. दसऱ्यापासून गावात दोन तट पडले होते. दीक्षा घेतलेल्यांनी गावकीची जुनी कामे सोडली, आणि शेठांसारख्या काहींनी त्यांना यंदा वेचणीला बोलावले नाही. कोणी उघड भांडले नव्हते. नुसते एकमेकांकडे जाणे-येणे बंद झाले होते. "मी नाई म्हणत नाई," नत्थूजी शेवटी म्हणाले. "पण परवा सकाळी मले माल चढवायचा हाय." आतल्या दाराच्या फटीतून बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

फळी घेऊन आम्ही वस्तीत आलो, तर तान्हाबाई दारातच उभी.

"कोनाची?"

"नत्थूजीची."

"मंग परत नेजो. ज्यानं वेचणीले बलावलं नाई त्याची फळी मी माह्या अंगणात नाई ठेवत."

पाकने फळी वळवली आणि आपल्या खोलीच्या भिंतीला लावून ठेवली. रात्री जेवलाही थोडेच. वसंता मला म्हणाला, "दिल्लीचे त्याचे सोबती समुद्रापार दूर देशी गेले. त्यालाही ये ये म्हणतात. हा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मला भीती वाटते ताई, उद्याचा दिवस असाच गेला तर हा जाईल."

नवे वर्ष

सकाळी पाकने आंघोळ करून पांढरे धुवट कपडे घातले. तांदळाच्या पिठाच्या उकडून केलेल्या वळ्या कापून त्याने दोन पातेल्यांत रस्सा केला. एक कोंबडीचा, दुसरा माझ्यासाठी तुरीच्या वरणाचा. चव आपल्या वरणफळांच्या चुलत बहिणीसारखी. वाटी माझ्या हातात देत तो म्हणाला, "हा रस्सा पेला का मानसाचं वय एक वर्षानं वाढते."

मी अर्धीच वाटी घेतली.

मग तो तान्हाबाईच्या अंगणात गेला. मागोमाग मी आणि वसंता. तान्हाबाई दळण आटपून नुकतीच उठली होती, हातांना पीठ होते. पाकने तिला हाताने खूण करून ओट्यावर बसायला सांगितले. ती बसली. तो तिच्यापुढे उभा राहिला, दोन्ही हात कपाळापाशी नेले, सावकाश गुडघ्यांवर बसला आणि पुढे वाकून, हात जमिनीला टेकवून त्यावर त्याने डोके ठेवले. आपल्याकडे पाया पडतात ते क्षणात उरकते. हे तसे नव्हते. तो बराच वेळ तसाच राहिला.

वस्तीतली माणसे दारांतून बघत होती. तान्हाबाई पुतळ्यासारखी. ज्या गावात तिनेच जन्मभर वाकावे असे सगळ्यांनी धरून चालले होते, त्या गावात कोणी तरी तिच्यापुढे डोके टेकवले होते, आणि तेही सणाच्या दिवशी, उजेडात. तिने पदराने डोळे पुसायला हात उचलला आणि पीठ सगळ्या तोंडाला लागले.

"हे काय करून राह्यला, पाकभाऊ? ऊठ ना बाप्पा."

"आमच्याकडे नव्या वर्साले आईले असं करतेत," जमिनीकडे बघतच तो म्हणाला. "मंग आईनं काई तरी द्या लागते."

"माह्यापाशी काय हाय द्यायले? सांग, काय देऊ?"

"फळीले हाव म्हना."

मग तान्हाबाईचा तो विहिरीतला आवाज फुटला. "लबाड हाय पोट्टा! वसंताभाऊ, लय लबाड हाय हा!" हसता हसता ती ओट्यावरून खाली उतरली आणि तिने त्याला दंडाला धरून उभे केले. "जाय, आन ती फळी."

कुटाराने गच्च भरलेले पोते मधोमध ठेवले आणि त्यावर फळी आडवी टाकली. कुटार म्हणजे जनावरांना घालायचा भुसा. जागा वस्तीच्या तोंडाशी, जिथून गावाचा रस्ता जातो. फळी आली म्हटल्यावर तिच्यामागे नत्थूजींच्या घरचेही आले. शेठानीबाई स्वतः. चांगल्याच भरलेल्या, नाकात नथ, बरोबर नागपूरहून गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून इंदू, डोक्यावर पदर. रस्त्याच्या पलीकडे थांबून शेठानीबाई सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आमी काई खेळाले नाई आलो. फळी मोडन का काय, थे पाहाले आलो."

पहिली उडी कोण मारणार? सगळ्या बायका एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. मंगळागौरीच्या फुगड्यांत मी कधी हरले नाही, आणि कवायतीची शिक्षिका म्हणून माझ्यावर काही जबाबदारी होती. मी कासोटा आवळून एका टोकाला उभी राहिले, दुसऱ्या टोकाला सुमन. पाक फळीच्या बरोबर मध्यावर बसला.

"तुम्ही कशाला बसलात?" मी विचारले.

"मधात कोणी बसलं नाई तं फळी सरकते," तो म्हणाला. "माही बहीण उडी मारे तं मी मधात बसो. लहान होतो. मले खेळ मधातूनच माईत हाय."

मी उडी मारली. म्हणजे थोडी वर गेले आणि पूर्ण खाली आले. साताऱ्याचे वजन हिवऱ्याच्या सुमनला सोसले नाही. ती किंचाळत घराच्या कौलांपर्यंत उडाली, सुदैवाने फळीवरच परत आली, आणि त्या धक्क्याने मी मात्र फळी सोडून जमिनीवर. पाय मुरगळला. वसंता धावत आला. जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते, पण त्यांचे खांदे मला दिसत होते.

मला जवळच्या ओट्यावर बसवून पायाला ओले फडके बांधले गेले, आणि खेळ थांबला. सुमनच्या तोलाची कोणी मिळेना. मुली हलक्या पडत, बायका जड. सुमन फळीच्या टोकावर एकटीच उभी होती. तिने रस्त्यापलीकडे पाहिले.

"इंदूवैनी, या ना. तुमी अन् मी सारख्याच हावोत."

तान्हाबाईने मुलीकडे असे पाहिले, जणू तिला तिथल्या तिथे खाली ओढेल. इंदूने सासूकडे पाहिले नाहीच. तिने चपला काढल्या, रस्ता ओलांडला आणि फळीच्या दुसऱ्या टोकावर जाऊन उभी राहिली.

"इंदू!" शेठानीबाई ओरडल्या.

इंदू मागे वळली. सासू-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. मला ओट्यावर माझ्या पायाचे ठणके ऐकू येत होते.

"पदर नीट खोच," शेठानीबाई म्हणाल्या. "पडशीन."

मग जे झाले ते सांगायला साताऱ्याच्या मराठीत मला शब्द सापडत नाहीत. एक खाली, एक वर. आधी वीतभर, मग हातभर, मग कौलांच्या वर. दोघींच्या वेण्या उलट्या दिशेला उडत होत्या. वर गेली, की इंदू ओरडे, "मले शाळा दिसली!" सुमन वर गेली, की ती ओरडे, "सिंदीची गाडी आली!" पुढच्या उडीला इंदू म्हणाली, "माय वं, मामंजी दुकानात झोपून राह्यले!" आणि शेठानीबाई इतक्या हसल्या, की त्यांना रस्त्याच्या या बाजूला येऊन ओट्यावर माझ्याशेजारी बसावे लागले. पाक मध्ये फळी धरून बसला होता, डोळे मिटलेले. दर उडीला त्याचे डोके डावीकडे-उजवीकडे डुलत होते. त्याचे तोंड ओले होते आणि तो ते पुसत नव्हता.

दुपारभर खेळ चालला. पुरुषांसाठी पाकने भोकाचा पैसा कागदात गुंडाळून त्याचा तुरा केला होता. तो खाली पडू न देता पायाच्या आतल्या कडेने उडवत राहायचे. वसंताने तिसऱ्याच लाथेला पायजमा उसवला आणि उरलेली दुपार तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आजारातून उठलेल्या माणसाला एवढा व्यायाम पुरे, असे त्याचे म्हणणे.

उन्हे कलल्यावर शेठानीबाई उठल्या. मला वाटले, निघाल्या. त्या सरळ फळीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मले एकदा चढून पाहू द्या."

"तुमच्या तोलाचं कोण हाय इथं?" कोणी तरी म्हणाले.

"मी हाय," तान्हाबाई म्हणाली.

दसऱ्यापासून या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. दोघी दोन टोकांवर चढल्या, हात पसरून तोल सावरला. उडी वगैरे काही नाही, नुसते हलके वर-खाली. एकदा. दोनदा. चेहरे दोघींचेही लग्नात फोटो काढताना असतात तसे. तिसऱ्यांदा मात्र शेठानीबाईंना हुरूप आला. त्यांनी खरी उडी मारली.

फळी मधोमध कडाडली. पाक कुटारात गेला, दोघी दोन बाजूंना जमिनीवर बसल्या, आणि नेमके त्याच वेळी, डोळे चोळत, आपली फळी न्यायला नत्थूजी येऊन उभे राहिले.

फळीचे दोन तुकडे. पाक कुटारातून उठला, अंगावरचा भुसाही न झटकता हात जोडून उभा राहिला.

"मी मोडली," जमिनीवरून शेठानीबाई म्हणाल्या. "काय म्हनता?"

"अर्धी मी," तान्हाबाई म्हणाली.

मग दोघींची नजरानजर झाली आणि दोघी हसत सुटल्या. उठता येईना, तरी हसत होत्या. शेवटी इंदू आणि सुमनने त्यांना हात देऊन उठवले. वेचणीचा विषय त्या दिवशी कोणीच काढला नाही. तो मिटला असे मी म्हणणार नाही. पण तान्हाबाईने शेठानीबाईंच्या पाठीवरची माती झटकली आणि शेठानीबाईंनी ती झटकू दिली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

नत्थूजींनी एक तुकडा उचलून पाहिला, दुसरा पाहिला. मग पाककडे वळून म्हणाले, "पातळच होती थे. पुढच्या वर्साले जाड पाहून ठेवजो."

हे ते सहज म्हणाले, उद्या गूळ संपेल म्हणावे तसे. पाक त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने अंगठा आणि तर्जनी समोर धरली आणि त्यांच्यातले अंतर हळूहळू वाढवले.

"किती जाड, शेठजी? एवढी?"

परत सिंदी

पायाला सूज होती, म्हणून मला बंडीत बसवून पाय कुटाराच्या पोत्यावर ठेवला होता. पोते तेच, कालचे. तान्हाबाईने टोपलीभर बोरे दिली होती. दुकानापाशी बंडी थांबवून इंदूने संत्री आणून ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन सांगितले, "ताई, शाळा खरंच दिसली होती बरं का."

सिंदीत शिरलो तेव्हा गाडीला वेळ होता. पाकने बंडी स्टेशनाकडे न नेता लाकडाच्या वखारीपुढे उभी केली.

"पाच मिन्टं, ताई."

पाच मिनिटांची बरीच झाली. तो एकेक फळी उभी करी, बोटांच्या पेराने वाजवी, कान लावून ऐके, दुसरी घेई. वखारवाला कंटाळला.

"अबे, पाहिजे कायले तुले? दाराले का पलंगाले?"

पाकने एक जाड सागाची फळी जमिनीवर आडवी टाकली, तिच्यावर उभा राहून पाहिले आणि विचारले, "हिच्यावर दोन मोठ्या बाया उड्या मारतीन, तं टिकन का?"

वखारवाल्याने फळीकडे पाहिले, पाककडे पाहिले, आणि मग बंडीत पाय पसरून बसलेल्या माझ्याकडे पाहिले.

मी पदर सावरून ताठ बसले.

"त्यांतली एक मी धरा," मी म्हटले.